पटाचा हिशेब

दिवाळीच्या फराळाचे ताट पुढे असताना हिशेबाच्या गोष्टी काढणारा माणूस कुणालाच आवडत नाही, हे मला ठाऊक आहे. पण लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी व्यापारी लोक पूजा करतात ती वहीचीच. मग आम्ही शेतकऱ्याच्या पोरांनी आपली वही वर्षातून एकदा का उघडू नये? आमच्या झाडीपट्टीतल्या एका मोठ्या हौसेचा जमाखर्च मला आज मांडायचा आहे. जमेची बाजू मी लपवणार नाही. खर्चाची बाजू मात्र आजवर कुणी वाचूनच दाखवलेली नाही, म्हणून ती जरा मोठ्याने वाचणार आहे. ही हौस म्हणजे शंकरपट.

पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी आधी दोन शब्द. वैनगंगेच्या खोऱ्यातला जंगलाचा आणि भाताचा हा मुलूख. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया हे त्याचे आजचे जिल्हे. गडचिरोली तर १९८२ पर्यंत चंद्रपूर जिल्ह्यातच होते. दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडे गायगोधन असते. गाई सजवून, वाजतगाजत गावातून फिरवतात. मग मंडया भरतात. धान कापून, बांधून, चुरून घरात आले की शेत मोकळे होते, हात मोकळे होतात, आणि गावोगाव पटाची पत्रके झळकू लागतात. मोकळ्या रानात सरळ धावपट्टी आखायची, हलक्याशा छकड्याला दोन बैल जुंपायचे, त्यावर एक धुरकरी उभा करायचा आणि जोडी सोडायची. कुठे दोन जोड्या शेजारी-शेजारी धावतात, कुठे एकेक जोडी घड्याळावर धावते. निकाल सेकंदाच्या अंशावर लागतो. बैल शंकराचा नंदी, म्हणून हा शंकराचा पट, असे आमची जुनी माणसे सांगतात.

या पटाची मोहिनी मला ठाऊक नाही असे कुणी म्हणू नये. मी तिच्यातच वाढलो. पौषातली थंडी, उन्हाला नुकती आलेली ऊब, दोन्ही बाजूंना माणसांची भिंत, आणि पलीकडच्या टोकाला धुळीचा एक ठिपका. तो ठिपका मोठा होत जातो. आधी घुंगरांचा आवाज येतो, मग खुरांचा, मग आवाज असा काही राहतच नाही. छातीतून काहीतरी निघून गेल्यासारखे वाटते आणि जोडी पुढे गेलेली असते. त्या एका क्षणात वर्षभराची नापिकी, सावकार, सोसायटीचे कर्ज सगळे विसरायला होते. ज्याच्या अंगावर धड सदरा नाही, त्याची जोडी पाटलाच्या जोडीला मागे टाकते, तेव्हा त्या माणसाची मान कशी ताठ होते ते एकदा पाहावे. वर्षभर ताठ व्हायला त्या मानेला दुसरी जागा मिळत नाही.

आणि पट म्हणजे नुसती धाव नव्हे. पटाला घरोघर पाहुणे येतात. लेकी माहेरी येतात. उपवर मुलगे-मुली दाखवल्या जातात, सोयरिकी जुळतात. रात्री मंडपात नाटक असते. आमची झाडीपट्टी रंगभूमी याच पटा-मंडयांच्या आधाराने उभी राहिली. वडशाला, म्हणजे देसाईगंजला, नाटक मंडळ्यांची कार्यालये आहेत, आणि दिवाळीपासून होळीपर्यंत त्यांच्या गाड्या रात्रीमागून रात्री गावे धुंडाळत असतात. कुरखेड्याचे डॉ. परशुराम खुणे यांना याच रंगभूमीच्या सेवेबद्दल २०२३ साली पद्मश्री मिळाली. दिवसा बैल आणि रात्री नाटक, असा आमचा हिवाळा. हे सगळे जमेला धरा. मी एक पैसाही वगळत नाही.

आता पान उलटू या.

माझ्या वडिलांची जोडी होती: लखन्या आणि चांद्या. १९९२ साली दीड एकराची बांधी विकून बाबांनी ती आणली. बांधी म्हणजे आमच्याकडचे बांध घातलेले धानाचे शेत. आमच्या जमिनीतला सर्वांत चांगला तुकडा तो. शेतीला आमचे घरचे दोन बुटके बैल होतेच. ही नवी जोडी नांगराला कधी लागली नाही. ती फक्त पटाची. तिला सरकीची ढेप, उडदाचे पीठ, आमच्या एकुलत्या गाईचे दूध आणि माझ्या आईच्या कोंबड्यांची अंडी लागत. ती अंडी विकून आई मीठ-मिरची आणि रॉकेल आणत असे. घरात तिच्या स्वतःच्या हाती येणारा पैसा तेवढाच. एकदा ती बाबांना म्हणाली, "पोराईच्या तोंडचं काढून बइलाले चारता?" बाबा हसले आणि म्हणाले, "जितलो की तुयी अंडी सोन्याची होतीन!"

माझी ताई त्या वर्षी नववीत होती. शाळा पलीकडच्या गावी. एस्टीने जावे लागे. तिची शाळा सुटली. कुणी तिला "सोड" म्हटले नाही. पैसे नाहीत एवढेच म्हटले आणि ती दुसऱ्या दिवसापासून धानाच्या कामाला गेली. माझी शाळा राहिली, कारण मी मुलगा होतो. तरी मीही दहावीच्या पुढे गेलो नाही. आज मी एका लहानशा खासगी शाळेत मुलांना मुळाक्षरे शिकवतो आणि रात्री कादंबऱ्या लिहितो. ताई अजून धान रोवते.

१९९४ च्या हिवाळ्यातली गोष्ट. मी चौदा वर्षांचा होतो. बाबांनी नवी तुतारी करायला सांगितली. आमच्याकडे तुतारी म्हणजे वाजवायची नव्हे. बैलाला टोचायची काठी. तिच्या टोकाला लोखंडाची आर असते. ती आर मी बसवली. दगडावर घासून घासून तिला धार आणली, स्वतःच्या तळहातावर टोचून पाहिली आणि रक्ताचा थेंब आला तेव्हा मला आनंद झाला. हे लिहिताना माझा हात थांबतो आहे. पण हिशेब म्हणजे हिशेब.

जोडी सुटली. चांद्याच्या पुठ्ठ्यावर मी केलेली आर बसत होती आणि तो असा धावत होता की माणसे ओरडायचीही विसरली. शेवटच्या रेषेपलीकडे गर्दी धावपट्टीत घुसली होती. धुरकऱ्याने कासरा ओढला, जोडी वाकडी झाली, चांद्याचा पुढचा पाय एका खाचेत गेला. लाकूड मोडावे तसा आवाज आला. आमची जोडी पहिली आली होती. बक्षीस म्हणून मोठा पितळी गुंड मिळाला. चांद्याला बंडीत घालून घरी आणले. तो उठला नाही. त्या गुंडातून आई त्याला पाणी पाजत असे. होळीच्या आत तो गेला. लखन्या एकटा काय कामाचा? तो मिळेल त्या किमतीला विकला. जोडीसाठी घेतलेले वरचे कर्ज आईने आणि ताईने तीन उन्हाळे रानात तेंदूपत्ता तोडून फेडले. बाबा पुढे कधी पटाला गेले नाहीत. पण "पाप झालं" असेही ते कधी म्हणाले नाहीत. ते एवढेच म्हणत, "खाच नसती तर..."

माझे सगळे भांडण या "खाच नसती तर" शी आहे.

कारण पटाची बाजू घेणारे आणि पटावर तुटून पडणारे, दोघेही खाचेबद्दलच बोलतात. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूच्या जल्लीकट्टूबरोबर आमच्या शर्यतीही बंद केल्या. बैल हा ओढकामाचा प्राणी, घोड्यासारखा धावण्यासाठी त्याचा देह घडलेला नाही, असे न्यायालयाने म्हटले. २०१७ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाने १९६० च्या प्राणी-क्रूरताविरोधी कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती केली; त्याच वर्षी उच्च न्यायालयाने शर्यतींना परवानगी देण्यास मनाई केली. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तात्पुरती वाट मोकळी केली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्याची दुरुस्ती वैध ठरवली. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी, पशुवैद्याचा दाखला हवा, धाव १००० मीटरच्या आत हवी, काठी-आर-विजेचा धक्का नको. मोडले तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. कागदावर हे सगळे उत्तम आहे. म्हणजे खाच बुजवली. पण दीड एकराची बांधी? ती कोणत्या कलमात बसते? आईची अंडी कोणत्या नियमात येतात? एवढ्या वर्षांच्या वादात बैलाच्या बाजूने वकील उभे राहिले, परंपरेच्या बाजूने उभे राहिले. घरातल्या बाईच्या बाजूने उभे राहायचे कुणाला सुचलेच नाही.

पटवाल्यांचे म्हणणे काय, ते मी शाळेच्या पटांगणात, पानठेल्यावर, एस्टीत पुष्कळदा ऐकले आहे. त्यातली तीन वजनदार म्हणून मानली जातात. ती घेऊ.

पहिले : पटामुळे गावठी बैलांची जात जगते. कानाला फार गोड लागते. पण कोणती जात? आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडची जात म्हणजे कठाणी. अलीकडेच तिची देशी जात म्हणून राष्ट्रीय नोंद झाली. ही लहानखुरी, काटक जनावरे. चिखलाच्या बांधीत गुडघाभर पाण्यातही पाय रोवून चालणारी. पटाच्या मैदानात मी शोधतो तेव्हा मला ती क्वचितच दिसतात. तिथे दिसतात ती उंच, लांब पायांची, बाहेरून विकत आणलेली. वर्धा-नागपूरकडची गवळाऊ जात चपळाईसाठी जुन्या काळापासून नावाजलेली आहे. धावायला तीच बरी. म्हणजे ज्या कठाणीने आम्हाला पिढ्यान्‌पिढ्या भात खाऊ घातला, ती ट्रॅक्टरपुढे हटत चालली आहे, आणि आम्ही पाहुण्या बैलाला तुरा लावून "जात वाचवली" म्हणतो. आजीला उपाशी ठेवून पाहुणीला पुरणपोळी वाढण्यातला हा प्रकार आहे.

दुसरे : पट ही शेतकऱ्याची संस्कृती आहे. असेल. पण आमच्या संस्कृतीत पोळाही आहे. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाचे खांदे लोण्या-हळदीने शेकतात आणि त्याला उद्याच्या जेवणाचे आवतण देतात. जो वर्षभर जू ओढतो त्याच्या खांद्याला लोणी. हा न्याय आहे. जुना पटही, म्हातारी माणसे सांगतात त्याप्रमाणे, शेतीच्याच बैलांचा होता. ज्या जोडीने हंगाम ओढला तीच हिवाळ्यात हौसेने धावे. बक्षीस म्हणजे पागोटे, नारळ, फार तर एखादे भांडे. आता बक्षिसात मोटारसायकली लागतात, रोख रकमांचे फलक चौकात झळकतात, आणि मैदानाच्या कडेने त्याहून मोठ्या रकमा हातोहात फिरतात. जो बैल एक दिवसही नांगराला लागला नाही, त्याला शेतकऱ्याची संस्कृती कसे म्हणावे? तो जुगाराचा फासा आहे. फरक एवढाच, की फाशाला दुखत नाही.

तिसरे : पट बंद झाला तर गावाचा आनंद संपेल. याचे उत्तर माझ्या गावानेच दिले आहे. बंदीच्या त्या सात हिवाळ्यांत आमच्याकडे पट झाला नाही. मंडई झाली, नाटक झाले, लेकी आल्या, सोयरिकी जुळल्या, भजी तळली गेली. मग काय संपले होते? संपला होता तो छातीतून जाणारा एक क्षण. तो क्षण खरा आहे, मी त्याला खोटा म्हणत नाही. पण गावाचा सगळा आनंद त्याच्या खात्यावर मांडू नका.

इथे शहरातले वाचक मान डोलावू लागले असतील, म्हणून त्यांनाही दोन शब्द सुनावतो. "क्रूर खेळ, कायमचा बंद करा" असे म्हणणे पुण्यात बसून फार सोपे आहे. २०१४ ची बंदी आली तेव्हा पटाच्या जोड्यांचे काय झाले, हे विचारायला कोण आले होते? पुढच्याच वर्षी, २०१५ साली, राज्यात बैलांच्याही कत्तलीवर बंदी आली. म्हातारा बैल विकता येईना आणि पोसताही येईना. रात्री पिकात घुसणारी मोकाट जनावरे हाकलायला जे जागतात, त्यांना विचारा दया म्हणजे काय. बैलाला धावू देऊ नका म्हणणाऱ्याने त्याच्या वैरणीचा अर्धा पेंढा तरी उचलावा. नाहीतर गप्प बसावे.

कुणी म्हणेल, बैलाऐवजी यंत्र धाववा. तेही मी पाहिले आहे. माझा एक जुना विद्यार्थी पुण्याकडे मोटारीच्या कारखान्यात आहे. गेल्या हिवाळ्यात तो पटाला आला तो एक खेळण्यातली मोटार घेऊन. खेळणे म्हणायचे एवढेच. खऱ्या मोटारीच्या एक-पंचमांश मापाची, जवळजवळ तीन फूट लांब, उचलायला दोन हात लागावेत अशी. पोटात खरे पेट्रोलचे इंजिन. जुन्या स्कूटरसारखे पेट्रोलमध्ये तेल मिसळून चालणारे. हातातल्या डबीतून, बिनतारी, ती पळते. दुपारी बैलांना वैरण टाकली तेव्हा त्याने ती धावपट्टीवर सोडली. काय तिचा आवाज, काय धूळ! पोरे वेडी झाली. दावणीचे बैल मात्र बिचकून खुंटे ओढू लागले, तेव्हा त्याने ती लगेच बंद केली.

मी किंमत विचारली. लाखाच्या वर. शिवाय टायर झिजतात, क्लच जळतो, उडी चुकली की धक्के झेलणारे भाग मोडतात. सुटे भाग परदेशातून येतात. "घरी माहीत आहे?" मी विचारले. तो लाजला. "गुरुजी, बायकोले निम्मीच सांगतली." मला हसू आले आणि लगेच बाबा आठवले. नशा तीच. आपण स्वतः न धावता, आपल्या हुकमाने दुसरे काहीतरी वाऱ्यासारखे धावावे आणि त्याचा विजय आपल्या नावावर लागावा, ही माणसाची फार जुनी तहान आहे. पुढे धावणारा बैल असो की इंजिन, त्या तहानेचे बिल घरातच येते.

पण त्या पोराचे एक वाक्य मी विसरलो नाही. दुपारनंतर पोरांनी पुन्हा आग्रह केला, तेव्हा त्याने मोटार उलटी करून पाहिली आणि म्हणाला, "नाही. मागच्या दांड्याला बारीक चीर आहे. आता पळवली तर मोडेल." त्याच वेळी पलीकडे एका बैलाच्या नाकातून फेस गळत होता आणि मालक त्याला तिसऱ्या धावेसाठी जुंपत होता. लोखंडाची चीर दिसते, कारण लोखंडाचे बिल आपल्याला येते. जिवाची चीर दिसत नाही.

तर मग माझे मागणे काय? पट बंद करा, असे मी म्हणत नाही. ज्या मुलखात आनंदाची इतकी टंचाई आहे तिथे तो म्हणायचा मला अधिकार नाही. माझी मागणी चार ओळींची आहे, आणि ती सरकारकडे नाही. गावोगावच्या पट समित्यांकडे आहे.

जी जोडी त्या वर्षी चिखलात उतरली, नांगराला-वखराला लागली, तीच पटात धावावी. गावाला कोणाची जोडी कुठे राबली हे दाखल्याशिवाय ठाऊक असते. बक्षीस शेतीच्या कामाचे असावे, धान्याचे बियाणे, नांगराचा फाळ, बैलाची झूल. मोटारसायकल नको, रोकड नको. पशुवैद्याने सकाळी दाखल्यावर सही करून निघून जाऊ नये. शेवटच्या धावेपर्यंत त्याने उभे राहावे आणि त्याने हात वर केला की पाटलाची जोडी असली तरी सुटावी. आणि चौथी, जिच्यावर लोक हसतील हे मला ठाऊक आहे : जोडीच्या नोंदणीच्या कागदावर मालकाच्या सहीशेजारी त्या घरच्या बाईची सही असावी.

हसा. पण विचार करा. बैलाला आपले म्हणणे सांगता येत नाही, ते डॉक्टरने सांगावे. बाईला सांगता येते. तिला फक्त कुणी विचारत नाही. पटाचा आनंद साऱ्या गावाचा असतो आणि त्याची किंमत हे दोघेच मोजतात. जो किंमत मोजतो त्याला "नको" म्हणण्याचा हक्क असावा, एवढाच माझा वाद आहे. हा हक्क तुमच्या बाजारातल्या प्रत्येक गिऱ्हाईकाला आहे.

वाचकहो, सणाच्या दिवशी हे सगळे लिहायला एक कारण झाले, ते सांगून थांबतो. निकालानंतरच्या हिवाळ्यात माझ्या भाच्याने, ताईच्या थोरल्या मुलाने, पटाची जोडी घेतली. देखणी आहे. दोन पट जिंकली आहे. मी समजवायला गेलो तर म्हणाला, "मामाजी, तुमच्या वेळी नशीब खराब होतं. आता नियम आहेत." त्याने काय विकले ते मी विचारले नाही, घरासमोरचा मोहाचा वाफा आणि त्यापलीकडची बांधी दुसऱ्याच्या नावाने नांगरलेली दिसत होती.

निघताना ताई अंगणात बैलांसाठी ढेप भिजवत होती. मी तिला माझ्या चार ओळी सांगितल्या आणि विचारले, सहीचा कागद तुझ्यापुढे आला असता तर तू सही केली असतीस का? ती बराच वेळ ढेप कालवत राहिली. मग म्हणाली, "केली बी असती, भाऊ. पोराचा जीव त्यात हाय. पन मले कोनी इचारलं असतं, त मी आधी बांधीची गोठ काढली असती."

तिच्या पाठीमागे, भिंतीच्या कोनाड्यात, तो जुना पितळी गुंड ठेवलेला होता. बाबांच्या पाठीमागे तो तिने मागून घेतला आहे. त्यात ती पाणी भरत नाही.